देश नसलेल्या भाषेला संगणकात मिळालेली जागा

अर्ज लिहिणे, निकालपत्रकातील गुणांची बेरीज करणे, सभेसाठी सादरीकरण तयार करणे ही कामे ज्या संगणक-प्रणालीवर चालतात तिला कार्यालयीन सॉफ्टवेअर म्हणतात. या वर्गातील लिब्रेऑफिस ही प्रणाली विनामूल्य मिळते. पडद्यावर दिसणाऱ्या सूचना, पर्यायांची नावे व मदतीचा मजकूर कोणत्या भाषेत हवा, हे तिच्यात वापरणाऱ्याने ठरवायचे असते. भाषांच्या त्या यादीत इंग्रजी, फ्रेंच, चिनी आहेत; मराठी आहे; कोकणी, संताली, बोडो, मैथिलीही आहेत. आणि एस्पेरांतो आहे.

यादीतील बहुतेक भाषांच्या मागे एखादे राज्य, एखादा भूप्रदेश किंवा निदान नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल अशी वस्ती असते. एस्पेरांतोच्या मागे यांतले काहीच नाही. ती कोणत्याही देशाची राजभाषा नाही. ती बोलणारे लोक जगभर विखुरलेले आहेत आणि त्यांतील जवळजवळ सर्वांची मातृभाषा दुसरीच आहे. बाजारपेठेचा हिशेब करणाऱ्या कंपनीने अशा भाषेवर एक दिवसही खर्च करू नये. तरीही ती तेथे आहे. ती तेथे कशी पोहोचली हे समजून घेणे आपल्याला उपयोगाचे आहे, कारण जागा मिळणे आणि जागा घेणे यांतील अंतर आपल्या समाजाने चालून पाहिलेले आहे.

प्रथम या भाषेचा इतिहास थोडक्यात पाहू. लुडविक झामेनहॉफ यांचा जन्म १८५९ साली बियालिस्टोक या गावी एका यहुदी कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. गावात यिडिश, पोलिश, रशियन, जर्मन व बेलारुसी बोलणारे लोक एकमेकांच्या शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत. भाषेची भिंत पाडली तर द्वेषाची भिंतही पडेल, असे या मुलाच्या मनाने घेतले. पुढे वॉर्सा येथे नेत्रवैद्यक करीत असताना १८८७ साली त्यांनी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. लेखकाचे नाव होते ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. टोपणनाव पुढे भाषेचेच नाव झाले. झामेनहॉफ यांचे निधन १९१७ साली झाले. ती तारीख १४ एप्रिल होती, हा निव्वळ योगायोग.

त्या पहिल्या पुस्तकातील एक गोष्ट मला व्याकरणापेक्षा महत्त्वाची वाटते. या भाषेवरील आपले सर्व वैयक्तिक हक्क आपण सोडून देत आहोत आणि ती सर्वांची सामाईक मालमत्ता आहे, असे झामेनहॉफ यांनी तेथेच जाहीर केले. याच्या काही वर्षे आधी योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूंनी व्होलाप्यूक नावाची कृत्रिम भाषा रचली होती आणि तिला चांगला प्रतिसादही मिळाला होता. परंतु भाषेत कोणता बदल करायचा याचा अंतिम अधिकार आपल्याकडेच राहील, असा श्लायर यांचा आग्रह होता. १८८९ नंतर ती चळवळ फुटली आणि ओसरली. मालकी सोडणारा टिकला, मालकी धरून बसलेला बुडाला, असे मी सरसकट म्हणणार नाही. इतिहास इतका सरळ नसतो. पण एस्पेरांतोची पुढील वाटचाल या हक्कत्यागाशिवाय समजत नाही.

१९०५ साली फ्रान्समधील बुलोन येथे पहिली जागतिक परिषद भरली. ही भाषा कोणाच्याही मालकीची नाही, मात्र तिचा मूलभूत आधारग्रंथ, ‘फुंदामेन्तो’, तेवढा कोणी बदलू नये, असे तेथे ठरले. त्यासाठी वापरला जाणारा एस्पेरांतो शब्द आहे ‘नेतुशेब्ला’. त्याचा शब्दशः अर्थ ‘ज्याला स्पर्श करता येत नाही असा’. आपल्यापैकी कोणीही हा शब्द वाचताना क्षणभर थांबेल. एका ठिकाणी स्पर्शबंदी म्हणजे ग्रंथाचा सन्मान. दुसऱ्या ठिकाणी तीच माणसाला गावकुसाबाहेर ठेवणारी. शब्द तोच असला तरी तो कोणाविषयी वापरला गेला यावरच सारे अवलंबून असते.

भाषेची रचना सोपी आहे. प्रत्येक नाम ‘ओ’ने संपते, विशेषण ‘आ’ने, क्रियाविशेषण ‘ए’ने. अनेकवचनासाठी ‘य’, कर्मासाठी ‘न’. वर्तमानकाळी क्रियापद ‘आस’ने, भूतकाळी ‘इस’ने, भविष्यकाळी ‘ओस’ने संपते, अपवाद नाहीत. मूळ धातूला उपसर्ग-प्रत्यय जोडून शब्द वाढवता येतात. ‘साना’ म्हणजे निरोगी. ‘माल’ हा उलट अर्थाचा उपसर्ग, म्हणून ‘मालसाना’ म्हणजे आजारी. ‘उलो’ म्हणजे व्यक्ती, ‘एयो’ म्हणजे स्थान. म्हणून ‘मालसानुलो’ म्हणजे रुग्ण आणि ‘मालसानुलेयो’ म्हणजे रुग्णालय. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणे, ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा. संस्कृत किंवा पालीचे व्याकरण शिकलेल्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. शब्दसंग्रह मात्र बहुतांशी युरोपीय आहे, आणि ‘सर्वांना समान अंतरावर’ हा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आशियाई माणसाने थोडा तपासूनच घ्यावा.

आता संगणकाकडे वळू. एस्पेरांतोची वर्णमाला २८ अक्षरांची आहे. त्यांतील २२ अक्षरे रोमन लिपीतील नेहमीचीच. उरलेल्या सहांवर चिन्हे आहेत. पाच अक्षरांवर लहानशी टोपी आणि ‘यू’वर अर्धचंद्र. ही सहा अक्षरे दुसऱ्या कोणत्या भाषेत या संचात आढळत नाहीत आणि तेथूनच सारी अडचण सुरू होते. छापखान्यात खिळे नसत, टंकलेखन यंत्रावर कळ नसे. टोपी देता येत नसेल तर अक्षरापुढे ‘एच’ लिहावे, अशी मुभा स्वतः झामेनहॉफ यांनीच दिली होती. संगणक आल्यावर लोकांनी ‘एक्स’ लिहायला सुरुवात केली, कारण एस्पेरांतोत ‘एक्स’ हे अक्षरच नाही आणि त्यामुळे गोंधळ होत नाही.

त्या काळी संगणक एका अक्षरासाठी एकच बाइट वापरत असे, म्हणजे फार तर २५६ जागा. पश्चिम युरोपातील मोठ्या भाषांसाठी एक कोष्टक ठरले, त्यात एस्पेरांतोला स्थान नव्हते. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८८५९ या मानकाच्या तिसऱ्या भागात ती अक्षरे तुर्की व माल्टी अक्षरांच्या सोबतीने बसवली गेली. पण ज्या संगणकावर ते कोष्टक नाही तेथे तोच मजकूर निरर्थक चिन्हांचा होई. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की काय दिसते, हे स्मरणिकेचे संपादन केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. दोन्ही भाषांची सुटका एकाच उपायाने झाली. जगातील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारे युनिकोड हे मानक १९९१ पासून येऊ लागले. त्यात एस्पेरांतोची सहा अक्षरे आली, देवनागरीही आली. अर्थात सर्व काही एका दिवसात आले नाही. मराठीतील ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ साल उजाडले.

अक्षर दिसले म्हणजे भाषा आली असे नव्हे. कार्यालयीन सॉफ्टवेअरला त्या भाषेचे बरेच काही माहीत असावे लागते, आणि ते कोणीतरी भरावे लागते. येथे सॉफ्टवेअरच्या मालकीचा प्रश्न येतो. स्टारऑफिस हे मूळचे एका जर्मन कंपनीचे उत्पादन. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९९९ साली ती कंपनी विकत घेतली आणि २००० साली त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. त्यातून ओपनऑफिस उभे राहिले. या मुक्त परवान्याचा अर्थ असा की कोणीही ती आज्ञावली वाचावी, बदलावी, वाटावी. २०१० साली सन कंपनी ओरॅकलकडे गेली. तेव्हा अस्वस्थ झालेल्या स्वयंसेवकांनी डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केले आणि तीच आज्ञावली घेऊन लिब्रेऑफिस या नावाने काम पुढे चालवले. मालकी सामाईक असली की फुटूनही काम थांबत नाही. एस्पेरांतोतही १९०७ साली ‘इदो’ नावाची सुधारित शाखा फुटून निघाली होती, आणि मूळ भाषा तरीही चालू राहिली.

१८८७ साली भाषेवरील हक्क सोडला गेला, २००० साली आज्ञावलीवरील बंधन सैल झाले, आणि या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत एस्पेरांतोच्या स्वयंसेवकांनी आपले काम केले. त्यांना कोणाकडे विनंतीअर्ज करावा लागला नाही. भाषेची लोकसंख्या किती, खरेदीची ऐपत किती, असे कोणी विचारले नाही. ओपनऑफिससाठी झालेले काम लिब्रेऑफिसमध्ये पुढे चालू राहिले.

त्या कामात पहिलीच मजेशीर अडचण आली ती देशाची. संगणकात भाषेची ओळख सामान्यतः जोडीने सांगतात : मराठीसाठी ‘एमआर’ आणि भारतासाठी ‘आयएन’. या जोडीवर पुढच्या सवयी ठरतात. दिनांक कसा लिहायचा, दशांशचिन्ह कोणते, आठवडा कोणत्या वाराने सुरू होतो, चलन कोणते. एस्पेरांतोला ‘ईओ’ हा भाषासंकेत आहे, पण देशाचा रकाना रिकामा. पालीचेही तसेच आहे. तिचा संकेत ‘पीआय’, आणि ती आज कोणत्याही एका देशाची नाही. त्यामुळे या सवयी स्वयंसेवकांना आपसांत ठरवून भराव्या लागतात. वर्णक्रमही सांगावा लागतो, नाहीतर संगणक टोपीच्या अक्षराला साध्या अक्षराचाच प्रकार समजून कोशातील शब्द चुकीच्या जागी लावतो. मराठीत ‘ळ’ हा ‘ह’नंतर आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी, हेही संगणकाला असेच सांगावे लागले आहे. चलनाच्या बाबतीत तर इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. एस्पेरांतो भाषकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्पेसमिलो’ नावाचे हिशेबी चलन सुचवले होते आणि पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनमधील त्यांच्या एका बँकेत ते वापरातही होते. त्याचे चिन्ह युनिकोडमध्ये २००९ साली आले. आपल्या रुपयाचे चिन्ह त्यानंतर, २०१० साली.

शुद्धलेखन तपासणी हा दुसरा भाग. लिब्रेऑफिसमध्ये हे काम हन्स्पेल नावाची प्रणाली करते. ती लास्लो नेमेथ या हंगेरियन तज्ज्ञाने तयार केली. हंगेरियन भाषेत एका शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय लागतात, त्यामुळे सर्व रूपांची यादी करणे अशक्य असते. म्हणून हन्स्पेल दोन फाइली वापरते : एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. एस्पेरांतोला हा अंगरखा मापाने शिवल्यासारखा बसायला हवा होता. प्रत्यक्षात तिची नियमितताच त्रासदायक ठरते. नियमाने जोडता येणारे सर्व शब्द शुद्ध मानले, तर टंकलेखनाची चूकही एखादा वैध शब्द होऊन बसते. उदाहरणार्थ, ‘कोलेगो’ म्हणजे सहकारी. पण ‘कोल’ म्हणजे मान आणि ‘एगो’ हा मोठेपणा दाखवणारा प्रत्यय असे तोडले, तर त्याचा अर्थ ‘भली मोठी मान’ असा होतो. ‘दिआमान्तो’ म्हणजे हिरा, आणि देवावर प्रेम करणाराही. संगणकाला दोन्ही सारखेच. उलट जोडणीवर फार बंधने घातली, तर कोणीतरी नुकताच तयार केलेला निर्दोष शब्द लाल रेघेखाली येतो. कोठे थांबायचे हे व्याकरण सांगत नाही, वापर सांगतो. म्हणून शब्दांची छाननी माणसालाच करावी लागते.

तिसरा भाग भाषांतराचा. पर्यायांची नावे, इशारे, मदत असा हजारो वाक्यांचा हा संग्रह आहे. स्वयंसेवक तो महाजालावरील सामाईक पटलावर थोडा थोडा भाषांतरित करतात आणि एकमेकांचे तपासतात. परिभाषा घडवताना त्यांनी भाषेच्या आतूनच शब्द काढले. संगणक म्हणजे ‘कोम्पुतिलो’, गणनेचे साधन. कळफलक म्हणजे ‘क्लावारो’, कळांचा समूह. त्याच ‘आरो’ प्रत्ययाने फॉन्ट झाला ‘तिपारो’. उघडणे हे ‘मालफेर्मी’, म्हणजे ‘बंद करणे’च्या उलट, आणि केलेले रद्द करणे ‘मालफारी’, करण्याच्या उलट. आपल्याकडील कार्यालयीन परिभाषेत संस्कृतचे इतके ओझे घालून ठेवले आहे की शाळेत शिकलेला मुलगाही ते शब्द इंग्रजीतून समजून घेतो. साध्या धातूंतून शब्द घडवण्याची ही रीत आपल्या परिभाषाकारांनी एकदा पाहावी.

भाषांतरात एक बारीक पेच येतो, तो भाषाशिक्षकांना आवडेल. सॉफ्टवेअरमधील काही वाक्यांत रिकामी जागा असते. तेथे संगणक ऐनवेळी फाइलचे नाव घालतो. ‘अमुक जतन करायचे का?’ एस्पेरांतोत कर्माला ‘न’ लागतो, पण येणारे नाव आधी ठाऊक नाही आणि त्याला प्रत्यय चिकटवता येत नाही. मग भाषांतरकार ‘फाइल’ हा शब्द मध्ये आणतात, ‘न’ त्याला लावतात आणि नाव पुढे मोकळे ठेवतात. मराठीत हाच प्रश्न सामान्यरूपाचा. ‘दादर’चे ‘दादरला’ यंत्राला जमेल. ‘पुणे’चे ‘पुण्याला’ जमत नाही. म्हणून ‘पुणे या शहराला’ असे लिहावे लागते. शासकीय संगणकीय पत्रांतील मराठी अवघडलेली का वाटते, याचे निदान एक कारण येथे सापडते.

एवढ्या खटाटोपाने साधले काय, असे कोणी विचारील. झामेनहॉफ यांची मूळ आशा तर फळली नाही. हिटलरने या भाषेवर यहुद्यांचे कारस्थान म्हणून आरोप केला. स्टालिनच्या दहशतीच्या वर्षांत अनेक एस्पेरांतो भाषक मारले गेले. झामेनहॉफ यांच्या तिन्ही अपत्यांचा अंत नाझींच्या हातून झाला. आणि माझ्या मते त्या आशेच्या मुळातच एक उणीव होती. भाषा एक झाली की माणसे एक होतात, हे आपल्या इतिहासाला मान्य होणारे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली पाणी घेणारे मराठी बोलत होते आणि त्यांच्यावर लाठ्या घेऊन धावून आलेलेही मराठीच बोलत होते. विषमतेला दुभाष्याची गरज लागत नाही.

भाषेचा समतेशी संबंध आहे, पण तो दुसऱ्या बाजूने. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली की नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात; ते वैदिक छंदात बांधण्याची परवानगी द्यावी. तथागतांनी ती नाकारली आणि स्वतःच्या भाषेत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. ‘स्वतःच्या’ म्हणजे कोणाच्या, यावर अट्ठकथाकार बुद्धघोष आणि आधुनिक अभ्यासक यांत मतभेद आहे. पहिल्याने तो शब्द बुद्धांच्या भाषेला, मागधीला, लावला, तर दुसऱ्यांतील बरेच जण तो भिक्खूंच्या बोलींना लावतात. छंदाची मक्तेदारी नाकारली गेली, एवढे मात्र निर्विवाद आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तिपिटकाची संगणकीय आवृत्ती अनेक लिप्यांत उपलब्ध करून दिली, ती याच अनुज्ञेच्या मार्गावर आहे असे मी मानतो.

मग आपल्या परिसरात हे काम कोणाच्या भाषेसाठी करायचे राहिले आहे? गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत गोंडी बोलली जाते. ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत नाही. तिच्या बोलींत प्रांतागणिक फरक आहे. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. तिच्या मसाराम गोंडी लिपीला २०१७ साली आणि गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. ‘जीओएन’ हा भाषासंकेतही आहे. म्हणजे एस्पेरांतोला शंभर वर्षे अडवून धरणारी पहिली पायरी गोंडीने ओलांडलेली आहे. पुढचा प्रश्न वर्णलेखनाचा. एस्पेरांतोत तो ‘फुंदामेन्तो’ने मिटवला होता, गोंडीत तो बोलणाऱ्यांनीच एकत्र बसून सोडवायचा आहे, त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी नव्हे. त्यानंतर लागते ती शब्दांची फाइल. तिच्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. साध्या मजकुराची फाइल, प्रत्येक ओळीवर एक शब्द, आणि शब्दापुढे तिरकी रेघ देऊन त्याला लागणाऱ्या प्रत्ययांची खूण. सर्वांत वरच्या ओळीत फक्त एक आकडा लिहायचा असतो : खाली साधारण किती शब्द आहेत तो.